शोभा, तो पडदा वाळला होता

शोभा,

तुझ्या कॉलेजातून फोन आला होता. तुझ्यावर स्मरणिका काढताहेत. "तुम्ही मॅडमच्या जुन्या मैत्रीण, दोन पानं लिहून द्या, जरा चांगलं चांगलं," असं म्हणाले. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि अर्धा तास नुसती धुमसत बसले. चांगलं लिहायला बाकीचे आहेत की. प्राचार्य लिहितील, तुझ्या विद्यार्थिनी लिहितील, मंठ्याहून तुझा चुलतभाऊ लिहून पाठवेल की ताई म्हणजे आमच्या घराचा आधारवड होती. मला तुझ्याशी भांडायचंय. गेलं वर्षभर तू ती संधी दिली नाहीस आणि आता कायमचीच हातावर तुरी देऊन गेलीस. तेव्हा हे त्यांच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. छापायचं तर छापतील, नाहीतर रद्दीत टाकतील.

आज तुला जाऊन सतरा दिवस झाले. मी तुझ्या दहाव्याला आले नाही, तेराव्यालाही नाही. लोक काय बोलले असतील ते मला माहीत आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

भांडण कशावरून, ते तुला सांगायची गरज नाही. पण स्मरणिका दुसरंही कोणी वाचेल, म्हणून लिहिते. आमचा कारखाना सोयाबीनचं तेल काढतो, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत. सोयाबीनच्या पातळ चकत्या हेक्झेन नावाच्या द्रावकात भिजवतात, तेल त्यात उतरतं. मग ते मिश्रण वाफेवर तापवून हेक्झेन उडवायचं, थंड करून परत गोळा करायचं आणि पुन्हा वापरायचं. बॉयलर रात्रंदिवस चालू, आणि पेट्रोलसारखी भडकणारी वाफ सगळ्या खात्यात. तुझं म्हणणं होतं की एवढं तापवायचं कशाला? एक असा पॉलिमरचा पडदा बनवायचा, की दाब दिला तर हेक्झेन त्यातून पलीकडे जाईल आणि तेल अलीकडेच राहील. निदान अर्धं हेक्झेन तरी आगीजवळ न नेता वेगळं करता येईल. एवढीशी गोष्ट, आणि तू त्यात बारा वर्षं घातलीस. त्यातली शेवटची पाच माझीही घातलीस.

आता येत्या सोमवारपर्यंत मला शेठला एक पान लिहून द्यायचंय. पडद्याची चाचणी का फसली, त्याचं कारण आणि जबाबदार कोण, एवढंच. तू गेलीस, आता ते यंत्र जागा अडवून उभं आहे, भंगारात द्यायचं म्हणतात. मी जर लिहिलं की पडदा हेक्झेनमध्ये टिकला नाही, तर फाइल बंद होईल. तुझी बारा वर्षं कुठल्यातरी भट्टीत वितळून सळया होऊन बाहेर पडतील. आणि मी जर खरं लिहिलं, तर कोणाचंतरी नाव लिहावं लागेल. गेले चार दिवस तो कागद माझ्यासमोर पडलाय. तुझ्यामुळे.

तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीनं ठरवत आलीस. मला तुझा राग पहिल्यांदा कधी आला सांगू? बी.एस्सी.चा निकाल लागला होता, मी टेंभुर्णीला घरी होते. माझ्या वडिलांनी, तिथल्या शाळेत गुरुजी होते ते, माझ्यासाठी डी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता. आणि एक दिवस विद्यापीठाचं पत्र आलं, की एम.एस्सी.ला तुमचा प्रवेश झाला आहे. मी अर्जच केला नव्हता. तू केला होतास. माझ्या गुणपत्रिकेची झेरॉक्स तुझ्याकडे होती, फोटो होता, सहीसुद्धा तूच ठोकलीस. मी चिडून बसस्टँडवरच्या एसटीडीवरून फोन केला, तर तू म्हणालीस, "विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असती. मंग कशाला विचारायचं?"

त्या सहीवर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं हे मी नाकारत नाही. नोकरी, घर, मुलीचं शिक्षण, सगळं त्यातून आलं. मुलाखतीलाही तूच स्कूटरवरून घेऊन गेलीस आणि ऐन मे महिन्यात गेटबाहेरच्या लिंबाखाली चार तास बसून राहिलीस. बाहेर आले तर तुझं तोंड तांबडंलाल झालं होतं आणि तू वॉचमनला रसायनशास्त्र शिकवत होतीस. हे सगळं खरं आहे. पण विचारायचं नाही ते नाहीच. त्याची तुला सवय लागली आणि ती मीच लागू दिली.

तुझा पहिला पडदा मी पाहिला तो तुझ्या स्वयंपाकघरात. शोकेसची काच काढून ओट्यावर ठेवली होतीस. पॉलिइमाइडची पिवळी भुकटी विरघळवून काकवीसारखा घट्ट रस केला होतास, तो काचेवर ओतून पट्टीनं एकसारखा पसरलास आणि घड्याळाकडे पाहत उभी राहिलीस. मग काच उचलून अख्खीच्या अख्खी पाण्याच्या टबात. दोन मिनिटांत काचेवरून दुधावरच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा सुटून वर आला. जालन्यात आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळाला पाणी यायचे ते दिवस, आणि तू घरातलं अर्धं पाणी त्या टबात ओतून मोकळी व्हायचीस. तुझ्या सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बघ बाई, घरात आंघोळीला पाणी न्हाई अन् ही काचंला आंघोळ घालून राह्यली." तू हसली नाहीस. तू चिमट्यानं तो पापुद्रा उचललास, स्पिरिटच्या बरणीत सोडलास आणि मला म्हणालीस, "एक ध्यानात ठेव. हा ओला जन्मला, ओलाच राह्यला पाहिजे. वाळला की आतली छिद्रं मिटतात, मंग तडकतो. दिसायला तसाच दिसतो, पण मेलेला असतो."

तेव्हापासून हे वाक्य मी तुझ्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. तुझ्या विद्यार्थिनींना पाठ होतं, माझ्या मुलीला पाठ होतं, आमच्या खात्यातल्या किसनमामांनाही पाठ झालं असावं असं मी धरून चालले होते.

किसनमामा म्हणजे आमच्या द्रावक खात्याचे जुने ऑपरेटर, ठेकेदाराकडचे. हेक्झेनच्या वासावरून गळती कुठल्या व्हॉल्व्हला आहे ते सांगणारे. दोन थाळ्यांमध्ये पडदा आवळलेलं ते यंत्र खात्यात आणलं तेव्हा त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी चाळणी म्हटलं आणि तू त्यांच्यावर भडकलीस. "मामा, चाळणीची भोकं डोळ्यांना दिसतात. ह्याची दाखवा मला." मामा म्हणाले, "दिसत न्हाई म्हणजे देवासारखंच झालं की मंग." तेव्हा आपण दोघी हसलो होतो. मला आता त्या हसण्याचाही राग येतो.

आणि तो पहिला थेंब. पलीकडून आलेलं हेक्झेन काचेच्या नळीत घेतलं, गाळणकागदावर एक थेंब टाकला आणि दोघी वाट पाहत उभ्या राहिलो. हेक्झेन उडून जातं. तेल असेल तर कागदावर पारदर्शक डाग मागे राहतो. कागद वाळला. डाग नव्हता. तू कागद उजेडाला धरलास, उलटा केलास, पुन्हा उजेडाला धरलास. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडलीस, आणि त्यानंतर लगेच म्हणालीस की थेंब लहान पडला होता, परत टाक. मी परत टाकला. डाग नव्हताच. ते पाच आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले आठवडे होते, हेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणशील की करुणाला फक्त वाईटच आठवतं.

मग दसरा आला. मी दरवर्षीप्रमाणे दोन दिवस आधी नागपूरला गेले. दसऱ्याला मी दीक्षाभूमीवर असते हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक आहे, तुला तर कॉलेजपासून ठाऊक. परत आले आणि चौथ्या दिवशी नळीत पिवळसर झाक दिसली. कागदावर थेंब टाकला तर डाग. दुसऱ्या दिवशी मोठा डाग. मी घाबरले. आधी मला वाटलं, नवं सोयाबीन. नुकताच हंगाम सुरू झाला होता, माल ओला होता, त्यातला चिकट गाळ पडद्यावर बसला असेल. धुऊन पाहिलं, फरक नाही. मग मला वाटलं, तुझा पॉलिमरच हेक्झेन पिऊन फुगतोय. मी तुला तसं फोनवर बोलले आणि तू एकदम गप्प झालीस. तू आणि गप्प. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

शेठच्या केबिनमधली ती बैठक मला शब्दन् शब्द आठवते. शेठ, त्यांचा अकाउंटंट, तू आणि मी. शेठनी विचारलं, "मॅडम, बराबर चालून राह्यलं होतं, मंग बिघडलं काय?" तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पडद्यात दोष नाही. तो वाळलाय. करुणाच्या खात्यात देखरेख कमी पडली." मी म्हटलं, "आमच्याकडं तो एक मिनिटसुद्धा कोरडा पडलेला न्हाई." तेव्हा तू नोंदवही उघडलीस. मी नागपूरला होते त्या तीन दिवसांपुढेही माझीच सही होती. 'पडदा ओला, दाब ठीक.' परत आल्यावर राहिलेल्या रकान्यांत सगळेच सह्या करतात, मीही केल्या. न बघता केल्या. तू बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "सही तर तुझीच आहे."

शोभा, ती चूक माझीच होती. मी ती त्या दिवशीही कबूल केली आणि आजही करते. पण ज्या आवाजात तू ते बोललीस तो आवाज मी कधी विसरणार नाही. दुसऱ्याची सही ठोकून मला एम.एस्सी.ला पाठवणारी तू, मला सहीचं महत्त्व शिकवत होतीस.

पुढच्या आठवड्यात मला प्रयोगशाळेतून काढून वजनकाट्यावर बसवलं. ट्रक आत येणार, भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती. चौदा वर्षं लॅब सांभाळलेल्या बाईला ट्रकचे ड्रायव्हर विचारायचे, "मावशी, लॅबवाल्या मॅडम कुठं गेल्या?" मी सांगायचे, सुटीवर आहेत.

मी तुझा नंबर काढून टाकला नाही, पण तुझा फोन उचललाही नाही. तू दोनदाच केलास, जास्त नाही. आणि मग ते शहागडचं. मी भावाकडून परत येत होते, बस पुलाच्या अलीकडे चहाला थांबली. तुझी गाडी तिथे आधीच उभी होती. तू बाकावर एकटी बसली होतीस, केस एकदम पांढरे, मला क्षणभर ओळखू आली नाहीस. मला पाहिल्यावर तू चहाचा ग्लास हातात घेऊन अर्धवट उठलीस. मी बसमध्ये जाऊन बसले आणि पुलाकडे पाहत राहिले. तू खिडकीपर्यंत आली असतीस तर मी बोलले असते का? माहीत नाही. बहुतेक नसते बोलले. पण तू आली नाहीस. मला न विचारता माझं अख्खं आयुष्य ठरवणाऱ्या बाईला त्या दिवशी दहा पावलं चालायला परवानगी हवी होती. त्यानंतर चार महिन्यांत तुझ्या डोक्यात रक्तस्राव झाला, तीन दिवस तू संभाजीनगरला आयसीयूमध्ये होतीस आणि मला ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कळलं, फुलांच्या चित्रासकट.

तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी किसनमामा काट्यावर आले. ट्रक नव्हता, काही नव्हतं. टोपी हातात घेऊन दारात उभे. मी म्हटलं, "बसा की मामा." बसले नाहीत.

"मॅडम, एक सांगायचं होतं. लई दिस झाले, पोटात ठिवून राह्यलो. ताई गेल्या, आता न्हाई ठिवल्या जात."

आणि त्यांनी सांगितलं. आपल्या खात्यात हेक्झेनमुळे दिवा लावता येत नाही, उदबत्तीसुद्धा नाही. म्हणून खंडेनवमीला बाकी कारखान्यात यंत्रांची पूजा जागेवर होते आणि द्रावक खात्याचे पाने-हातोडे तेवढे बाहेर गेटजवळच्या ओट्यावर नेतात, तिथे त्यांना हळद-कुंकू लागतं, दिवा ओवाळतात. हे मला माहीत होतं. मी त्या दिवशी कधी तिथे नसते, पण माहीत होतं.

"औंदा म्हणलं, पाने कशाला, आपल्या खात्यात सगळ्यात मोठी चीज म्हणजे ताईचा पडदा. त्याची पूजा न्हाई केली तर कशाची करायची? सकाळीच दोन्ही थाळ्या खोलल्या, अलगद काढला. साबणानं सोच्छ धुतला. धुतल्या धोतरानं टिपला, उनात टाकला घंटाभर. पूजेला ओलं कसं ठिवायचं मॅडम? मंग लाल कपड्यावर मांडला, वरून झेंडू वाह्यले. लई झकास दिसत होता."

शोभा, तू ज्याला शंभरदा सांगितलं असशील, त्या माणसानं तुझा पडदा आदर म्हणून वाळवला. त्याच्या लेखी ओलं ठेवणं ही रोजची काळजी होती आणि कोरडं करणं हा सणाचा मान होता. कशी चिडणार त्याच्यावर?

"मंग अकरा वाजता ताई आल्या, शेठनी बोलावलं होतं त्यांना. मी म्हणलं, ताई, बघा, तुमच्या पडद्याची पूजा मांडली. त्या खाली बसल्या. फुलं बाजूला करून बोट लावून पाह्यलं. शेठच्या आई कुंकवाची वाटी घेऊन बाजूलाच उभ्या. ताईनं कुंकू घेतलं, वाह्यलं, हात जोडले. शेठला वाटलं पानेच हायेत. सगळे गेल्यावर मला म्हणल्या, मामा, परत बसवून टाका, कोणाला बोलू नका, मी बघते."

"आणि बैठकीनंतर?" मी विचारलं.

"मी गेल्तो त्यांच्या घरी. म्हणलं, मी सांगतो शेठला, माझ्यापायी करुणा मॅडमचं नाव खराब होऊन राह्यलं. तर म्हणल्या, मामा, तुमाला ठेकेदार एका फोनवर घरी बसवील. करुणा पक्की नोकर हाय, तिला कोणी काढत न्हाई. अन् ती सोसून घेईल." मामांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "रडल्या मॅडम त्या. खोटं न्हाई सांगत. चहा ठिवला होता, उतू गेला, तरी रडत होत्या."

रडलीस ना. बरं झालं. रडायला तुला वेळ होता, मला एक वाक्य सांगायला नव्हता. तू एका गरीब माणसाची भाकरी वाचवलीस, ह्यात तुला कोणी नाव ठेवणार नाही, मीसुद्धा नाही. मला विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, माझं नाव घाल. हे तुला पुरेपूर माहीत होतं. आणि तरी नाही विचारलंस. तुला माझी संमती नको होती, तुला मी नुसती हवी होते, हाताशी, ओझं ठेवायला. आणि आणखी एक बोलते, ते तुला जिवंतपणी बोलले असते की नाही कोण जाणे. मी त्या दिवशी तिथे नव्हते, आणि का नव्हते ते सगळ्यांना ठाऊक होतं. पूजेला नसलेल्या बाईवर टाकलं की कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. तू जात बघून केलंस असं मी म्हणत नाही. तू तशी नव्हतीस, वसतिगृहात माझ्या ताटातली भाकरी न विचारता उचलणारी तू. पण सोपं पडलं ना? शेठनी एका शब्दानं तुला उलट विचारलं नाही. ते तुला कळलं नसेल असं मला वाटत नाही, आणि म्हणून माझा राग जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तुझ्या कॉलेजात गेले. तुझ्या कपाटाची किल्ली शिपाईमावशीकडे होती. खालच्या कप्प्यात बरणी होती, तुझ्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली, त्याच खेपेचे तीन पडदे स्पिरिटमध्ये. पातळी जराही खाली गेली नव्हती. म्हणजे मरायच्या आठवड्यापर्यंत तू त्यात स्पिरिट भरत होतीस. ज्या पडद्याला सगळ्यांनी मेलेला समजून सोडून दिलं, त्याच्या भावंडांना. तिथे मला रडू आलं. शिपाईमावशीनं पाणी दिलं आणि समजली की मी तुझ्यासाठी रडतेय. तसं असेलही.

इथवर लिहून पत्र मिटून ठेवलं होतं, आज सहा दिवसांनी पुढे लिहितेय. मामा आणि मी दोघांनी मिळून, लॅबच्या नव्या मुलीला विश्वासात घेऊन, त्यातला एक पडदा यंत्रात चढवला. थाळ्या मामांनीच आवळल्या. सहा दिवस चालवला. रोज मी काट्यावरून जेवणाच्या सुटीत येऊन कागदावर थेंब टाकायचे. सहाही दिवस कागद कोरा. तुझा पॉलिमर हेक्झेनमध्ये फुगत नाही. मी चुकीचं बोलले होते आणि तू बरोबर होतीस, आणि हे तुझ्या तोंडावर कबूल करायचं सुख तू मला मिळू दिलं नाहीस.

काल मी तो कागद लिहिला. एकाच पानात. चाचणी का फसली: पडदा वाळला. कसा वाळला: खात्याच्या प्रथेप्रमाणे खंडेनवमीच्या पूजेसाठी बाहेर काढून पुसून ठेवला गेला, आणि पडद्याची पूजा करू नये असं आम्ही खात्याला कधी सांगितलंच नव्हतं. गैरहजेरीतल्या दिवसांच्या सह्या मी न बघता केल्या, ही माझी चूक. पुढे लिहिलं, त्याच खेपेच्या ओल्या पडद्यावर सहा दिवस चाचणी घेतली, तेल आलं नाही, सबब यंत्र भंगारात देऊ नये. मग उरला शेवटचा रकाना, जबाबदार व्यक्ती. मामांचं नाव मी लिहिणार नव्हते, ते तुलाही माहीत असेल. वाळलेला पडदा ओळखून तो परत बसवा म्हणून सांगितलं कोणी? तू. मग मी तुझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. माझं नाव देताना तू मला विचारलं नव्हतंस, मीही तुला विचारलेलं नाही. तुला आता ना कोणी काट्यावर बसवू शकत, ना ठेकेदार फोन करू शकत.

शेठनी उभ्याउभ्या वाचलं. मग म्हणाले, "गेलेल्या बाईवर घालून राह्यल्या तुम्ही. तुमची तर मैत्रीण होती ना?" मी म्हटलं, "हो, होती. म्हणून लिहिलं." त्यांनी त्या सहा दिवसांचे कोरे कागद एकेक करून खिडकीच्या उजेडाला धरून पाहिले आणि म्हणाले की यंत्र राहू द्या सध्या, आणि सोमवारपासून तुम्ही लॅबमध्ये या.

मी पान जमा करायला ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कनं शिक्का मारायला घेतलं आणि शेवटच्या रकान्यावर थांबला. पेनाचं टोक तुझ्या नावावर ठेवून म्हणाला, "मॅडम, हिथं नावाच्या आधी कैलासवासी राह्यलं की. मी टाकू का?"

"नको," मी म्हटलं. "आमचं भांडण अजून मिटलेलं न्हाई."